कामावर अपघात झाला तर: केसपेपरपासून भरपाईपर्यंत

माझ्या थोरल्या भावाचं बोट प्रेस मशिनमध्ये सापडलं, तेव्हा त्याला कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये लागून अकरा महिने झाले होते. दुसरी पाळी, रात्री नऊच्या पुढची वेळ. सुपरवायझरनं त्याला गाडीवर बसवून लगेच मिरजेला नेलं, यात त्याची काही चूक नाही. पण दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्यानं "कशानं झालं?" असं विचारल्यावर सुपरवायझरनं सांगितलं, "घरी कडबाकुट्टीत हात गेला." भाऊ कळवळत होता, काय लिहिलं जातंय याकडे त्याचं लक्ष नव्हतं. पुढे कंपनीनं हात वर केले आणि ते एक वाक्य खोटं ठरवायला आमचं दीड वर्ष गेलं.

त्यानंतर गावातली, भावकीतली, ओळखीची बरीच मुलं विचारायला येत गेली. कुणी कुपवाडचा, कुणी विट्याच्या यंत्रमागावरचा, कुणी कराडजवळच्या तासवड्याचा, कुणी शिरवळला नव्यानं लागलेला. प्रत्येकाला तेच ते सांगावं लागतं, म्हणून इथं सगळं एकदाच लिहून ठेवतो. अपघात झालेला नसला तरी वाचा. यातलं निम्मं काम अपघाताच्या आधी करायचं आहे.

सगळ्यात आधी: चूक कुणाची, हा प्रश्नच नाही

नव्या माणसाला वाटतं, "माझाच हात पुढे गेला, मग भरपाई कशी मागू?" मागायची. कामाच्या वेळेत आणि कामामुळे इजा झाली की भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर येते. तुमचं लक्ष नव्हतं, झोप आली होती, घाई झाली, या कारणांनी ती टळत नाही. मालकाला सवलत मिळते ती मोजक्या गोष्टींत: तुम्ही दारू किंवा नशेत होता, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम मुद्दाम मोडला, किंवा सेफ्टी गार्ड जाणूनबुजून काढून ठेवलं. त्यातही मृत्यू झाला असेल किंवा माणूस कायमचा पूर्ण निकामी झाला असेल, तर ही कारणं सांगूनही मालक सुटत नाही.

गार्डबद्दल थोडं थांबून सांगतो. नगाचं टार्गेट गाठायला गार्ड काढूनच काम करायचं, हा बऱ्याच शॉपमधला रोजचा रिवाज आहे. अपघात झाला की मात्र "तूच काढलंस" असं ऐकवतात. पाळीतल्या सगळ्याच प्रेसना गार्ड नसेल तर ते तुमच्या एकट्याचं मुद्दाम केलेलं कृत्य ठरत नाही. शेजारच्या मशिनवरचा माणूस हे सांगू शकतो. त्याचं नाव लक्षात ठेवा.

पहिला तास: केसपेपरवर काय लिहिलं जातंय ते बघा

आधी उपचार, मग बाकीचं. पण सोबत गेलेल्या माणसानं, मग तो भाऊ असो, मित्र असो की रूम पार्टनर, केसपेपर लिहिताना तिथंच उभं राहायचं. त्यावर तीन गोष्टी यायलाच हव्यात: अपघात कामावर झाला, कुठल्या ठिकाणी झाला, कुठल्या मशिनवर किंवा कशानं झाला. "प्रेस मशिनवर काम करताना, अमुक कंपनी, अमुक एमआयडीसी, रात्री सव्वानऊ" एवढं पुरे. खासगी दवाखाना असेल तर डॉक्टरांना एमएलसी (मेडिको-लीगल केस) करायला सांगा, म्हणजे पोलिसांकडे नोंद जाते. सांगलीचं सिव्हिल, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय अशा सरकारी ठिकाणी गेलात तर कागद पुढे मिळवायला सोपे जातात, हा माझा अनुभव. पण रक्त वाहत असताना जवळचा दवाखाना सोडून लांब जाऊ नका.

केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिलं यांचे त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढा आणि घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. एक्स-रे का महत्त्वाचा, ते पुढे पैशांच्या हिशेबात कळेल.

दोन-तीन दिवसांत: लेखी कळवा

"सायबांना सगळं माहीत आहे" यावर विसंबू नका. साहेब बदलतात. कागद राहतो. साध्या कागदावर साध्या मराठीत लिहा:

"मी, (पूर्ण नाव, पत्ता), आपल्या कारखान्यात (कामाचं नाव) म्हणून काम करतो. दि. … रोजी … वाजता … मशिनवर काम करत असताना माझ्या … ला इजा झाली. त्या वेळी (सोबत्यांची नावं) हजर होते. या अपघाताची नोंद अपघात नोंदवहीत घ्यावी आणि मला कायद्याप्रमाणे भरपाई व उपचाराचा खर्च मिळावा."

दोन प्रती करा. एक ऑफिसात द्या, दुसरीवर शिक्का आणि सही घ्या. सही देत नसतील तर पोस्टातून स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा. ठेकेदाराकडून लागला असाल तर एक पत्र ठेकेदाराला, एक कंपनीला. कळवल्यावर तीन दिवसांच्या आत मालक स्वतःच्या खर्चानं डॉक्टरकडून तुमची तपासणी करून घ्यायला सांगू शकतो. ती टाळू नका. कारण नसताना नकार दिलात तर भरपाई अडते.

मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल तर सात दिवसांच्या आत अहवाल पाठवणं मालकाचंच काम आहे. कारखान्यातल्या अपघाताची दखल औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयही घेतं. तिथल्या निरीक्षकाचा चौकशी अहवाल निघाला, तर तो तुमच्या दाव्यातला मोठा आधार असतो.

मग बघा: पगारातून ईएसआय कापतात का?

सगळी वाट इथून दोन फाट्यांना फुटते, म्हणून पगाराची स्लिप काढा. दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार, असं असेल, तर तुम्ही कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे बोलीत ईएसआयमध्ये असायला हवेत. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. १४,००० पगाराला तुमचे १०५ रुपये. विमा क्रमांक वहीत लिहून ठेवा, ओळखपत्र काढून घ्या.

ईएसआय असेल तर भरपाई मालकाकडून मागायची नसते, ही योजना चालवणाऱ्या राज्य विमा महामंडळाकडून घ्यायची असते. दोन्हीकडून मिळत नाही. पण ही वाट सोपी आहे. कामावरच्या अपघातासाठी "इतके महिने वर्गणी भरलेली हवी" अशी अट नाही, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी लाभ मिळतो. बरे होईपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के रक्कम मिळते, अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद राहिलेलं असावं लागतं. कायमचं व्यंग राहिलं तर वैद्यकीय मंडळ टक्केवारी ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम सुरू होते. कामगार दगावला तर विधवेला आणि मुलांना मासिक लाभ मिळतो, शिवाय अंत्यविधीसाठी १५,००० रुपयांपर्यंत. उपचारही योजनेतून होतात.

यासाठी मालकानं अपघाताचा अहवाल महामंडळाकडे पाठवावा लागतो. तो पाठवला का, हे शाखा कार्यालयात जाऊन स्वतः विचारा. आजारपणाची रजा म्हणून कागद लावून देण्याचा प्रकार फार चालतो. कामगाराला वाटतं, पैसे तर मिळतायत. पण आजारपणाच्या लाभाचा दर कमी आणि पुढे कायमच्या व्यंगाचा हक्क मागताना "अपघात कुठे दाखवलाय?" हा प्रश्न उभा राहतो. सर्टिफिकेटवर अपघात असंच लिहून घ्या.

ईएसआय नसेल तर किती मिळतं?

इथं कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागतो. मूळ कायदा १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा आणि ईएसआयचा कायदा दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत घेतले गेले आहेत. त्या तारखेच्या आधीच्या अपघाताचा दावा जुन्या कायद्यानं चालतो, नंतरचा संहितेनं. हिशेबाची रीत दोन्हीकडे तीच आहे, म्हणून ती एकदा नीट समजून घ्या.

मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के गुणिले वयाचा गुणांक. कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के गुणिले तोच गुणांक. गुणांक कायद्याच्या तक्त्यात दिलेला असतो, वय जितकं कमी तितका तो मोठा: विसाव्या वर्षी २२४, तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. हिशेबासाठी पगार किती धरायचा याला मर्यादा असते, ३ जानेवारी २०२० पासून ती १५,००० रुपये ठरवली गेली. तुम्हाला १८,००० मिळत असले तरी त्या मर्यादेनं १५,०००च धरले जातात.

आता भावाचा हिशेब घेऊ. वय ३०, पगार १४,०००. त्याचे ६० टक्के म्हणजे ८,४००. गुणिले २०७.९८. येतात १७,४७,०३२ रुपये. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. बोट गेलं तर यातला ठरलेला हिस्सा मिळतो आणि तो हिस्सा तक्त्यात पेरापेराला वेगळा आहे. तर्जनी मुळापासून गेली तर १४ टक्के, दोन पेरं गेली तर ११, एक पेर गेलं तर ९, हाड शाबूत राहून नुसता शेंडा कापला गेला तर ५ टक्के. अंगठा गेला तर ३० टक्के, एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, चारही बोटं गेली तर ५० टक्के. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४० टक्के.

भावाचं एक पेर गेलं होतं. कंपनीच्या कागदावर मात्र "बोटाच्या शेंड्याला इजा" एवढंच होतं. ५ टक्क्यांनी ८७,३५१ रुपये होतात, ९ टक्क्यांनी १,५७,२३२. हाड गेलं की नाही, या एका गोष्टीवर सत्तर हजारांचा फरक, आणि तो फक्त एक्स-रेमध्ये दिसतो. म्हणून म्हणतो, एक्स-रे घरात पत्र्याच्या पेटीत ठेवा, कुणाला मूळ प्रत देऊ नका.

तक्त्यात नसलेली इजा असेल, म्हणजे मणक्याला मार, हात वळत नाही, पाय आखडला, तर कमाईची ताकद किती टक्के घटली हे डॉक्टरांनी ठरवायचं असतं. इथं एक घोटाळा कायम होतो. अपंगत्वाच्या दाखल्यावरचे टक्के आणि कमाईच्या ताकदीचे टक्के एकच नव्हेत. हात कोपराच्या वर तुटला, तर दाखला काही टक्क्यांचा मिळेल, पण सुतार एका हातानं सुतारकाम करू शकत नाही. अगदी असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबता. १९७५ मध्ये न्यायालयानं त्या सुताराचं अपंगत्व १०० टक्के मानलं. तुमचं काम काय होतं आणि आता त्यातलं काय जमत नाही, हे डॉक्टरांना तपशिलात सांगा आणि दाखल्यात तसं लिहून मागा. वेळ आली तर डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा.

काही दिवसांपुरतंच काम बंद राहिलं असेल तर दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के रक्कम मिळते. म्हणजे महिन्याला निम्मा पगार, जास्तीत जास्त पाच वर्षं. तीन दिवसांच्या आत बरे झालात तर भरपाई नाही. उपचाराचा झालेला खरा खर्च मालकानं वेगळा द्यायचा असतो. "दवाखान्याचं बिल आम्हीच भरलं, आता कसली भरपाई?" असं म्हणतील. बिल हे बिल, भरपाई ही भरपाई.

सही करण्याआधी

डिस्चार्जनंतर आठवड्याभरात कुणीतरी घरी येतं. बऱ्याचदा ओळखीचाच, एखादा पाहुणाच असतो. पंचवीस-तीस हजार हातावर ठेवतो आणि म्हणतो, "मालक देवमाणूस आहे, कोर्टाच्या भानगडीत पडू नकोस, परत कामावर घेतो म्हणालाय." सोबत एक छापील कागद असतो: "माझी कोणतीही तक्रार नाही, सर्व रक्कम मिळाली." आई रडत असते, हप्ता थकलेला असतो. आमच्याही घरी हेच झालं आणि भावानं सही केली.

तरीही सगळं संपलेलं नसतं. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं रद्दबातल आहे. एकरकमी तडजोड करायची असेल तर तिचा मसुदा भरपाईचे दावे चालवणाऱ्या आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि रक्कम अगदीच कमी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकानं पैसे थेट घरच्यांना देऊन चालतच नाही, आयुक्तांकडे जमा करावे लागतात. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल तो वारसांना आगाऊ देऊ शकतो, तेवढीच. तेव्हा सही झाली असेल तरी घाबरून गप्प बसू नका. पण कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर कधीही सही करू नका.

अर्ज कुठे, किती दिवसांत?

मालकानं भरपाई देय झाल्यापासून महिन्याभरात द्यायची असते. दिली नाही तर जुन्या कायद्यात १२ टक्के व्याज आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड आहे. ही गोष्ट नोटिशीत लिहिली की बरेच मालक बोलायला बसतात.

नाहीच ऐकलं तर आयुक्तांकडे अर्ज. संहितेत त्यांना सक्षम प्राधिकारी म्हणतात. मुदत अपघातापासून दोन वर्षं, मृत्यू झाला असेल तर मृत्यूपासून. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. अर्ज अपघात झाला तिथं, तुम्ही राहता तिथं, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय असेल तिथं करता येतो. म्हणजे माणमधला मुलगा पुण्यात साइटवर पडला आणि घरी परतला, तर त्यानं सातारा जिल्ह्यात अर्ज केला तरी चालतो. परगावच्या कोर्टाच्या फेऱ्या मारायची गरज नाही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. सांगलीत विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात, साताऱ्यातही जिल्हा न्यायालयातच चौकशी करा, किंवा १५१०० वर फोन करा. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना हा हक्क उत्पन्नाची अट न लागता मिळतो. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून मुद्दाम सांगतो.

सोबत न्यायचं ते असं: केसपेपर आणि एक्स-रे, कळवल्याच्या पत्राची पोच, पगाराचा पुरावा, वयाचा दाखला, आधार, बँक पासबुक, आणि डॉक्टरांचा दाखला. वारस अर्ज करत असतील तर मृत्यू दाखला, शवविच्छेदन अहवाल, पंचनामा आणि रेशन कार्ड.

ठेकेदाराचा माणूस, शेतमजूर, बांधकाम कामगार, ड्रायव्हर

कंपनीच्या आवारात कंपनीचंच काम ठेकेदारामार्फत करत असाल तर भरपाई थेट कंपनीकडून मागता येते. कंपनीनं ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची. मुकादम फोन बंद करून गावाकडे पळाला तरी तुमचा हक्क त्याच्याबरोबर पळत नाही. अडचण येते ती तुम्ही तिथं कामाला होता हे दाखवायची. म्हणून अपघाताची वाट न बघता आजच हजेरी कार्ड, गेट पास, फोनपेवर आलेली उचल, मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज, ओव्हरटाइमची चिठ्ठी या सगळ्याचे फोटो काढून ठेवा. कुपवाडला एका पोराचं कंपनीशी असलेलं नातं फक्त बस स्टॉपच्या यादीच्या फोटोवरून सिद्ध झालेलं मी पाहिलंय.

शेतीत ट्रॅक्टरनं किंवा विजेच्या यंत्रानं काम चालत असेल तर तिथला मजूरही या कायद्यात येतो. मळणी यंत्रात हात गेला म्हणजे "शेतावरचं आहे, कायदा नाही" असं समजू नका. बांधकामावर असाल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करा. वर्षात ९० दिवसांचं काम दाखवावं लागतं. नोंदणीकृत कामगार कामावर दगावला तर मंडळ वारसांना ५ लाख देतं. खडी क्रशरवर वर्षानुवर्षं धूळ खाऊन फुफ्फुसं निकामी झाली तर सिलिकोसिस हाही कामावरच्या अपघातासारखाच मानला जातो.

ट्रक ड्रायव्हर, क्लीनरांना रस्त्यावर अपघात झाला तर दोन वाटा असतात, मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा हा कायदा. दोन्हींतली एकच निवडता येते, म्हणून वकिलाला दोन्ही हिशेब मांडायला लावा आणि मगच ठरवा. आणि पाळीला जाता-येताच्या अपघाताबद्दल: मराठवाड्यातला एक साखर कारखान्याचा रखवालदार कामावर निघाला असताना वाटेत दगावला होता, त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये त्याच्या घरच्यांच्या बाजूनं निकाल दिला. वेळ, जागा आणि नोकरी यांचा संबंध दाखवता आला पाहिजे. त्या दिवशीची पाळी कोणती होती, याचा पुरावा तेवढ्यासाठी धरून ठेवा.

निकालानंतर

मालक नाराज असेल तर उच्च न्यायालयात ६० दिवसांत अपील करू शकतो, पण भरपाईची रक्कम आधी जमा केल्याशिवाय त्याचं अपील दाखल होत नाही. रक्कम तुमच्या नावानं निघते. वारसांत लहान मुलं असतील तर त्यांचा वाटा बँकेत ठेवला जातो. ते पैसे अडकले असं वाटतं, पण भावकीच्या हातात पडण्यापेक्षा ते बरं.

आणि "निकालातले वीस टक्के माझे" असं कुणी वकील किंवा मध्यस्थ म्हणाला तर तिथून उठा. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलांना नियमानंच मना आहे. फी ठरवायची ती आधी, आकड्यात, पावतीसकट.